पाचट, बुरशी आणि इथेनॉल : एंझाइमचं गाडं नेमकं कुठं अडतं?

बुरशीबाई (धागाकर्ती)

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) च्या धाग्यावर मायलेजवरून जुंपलेली असताना मधेच कुणीतरी लिहून गेलं, "ऊस आणि मका कशाला संपवता? पाचटापासून करा की इथेनॉल. एक जीन इकडचा तिकडे टाकला की काम झालं." तिथं उत्तर देत बसले असते तर तो धागा आणखी भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतेय. बुरशीकडून एंझाइम काढून घेण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे या "एक जीन टाकला की" वर बोलल्याशिवाय राहवत नाही.

पाचट असो, भाताचा पेंढा असो की कडबा, त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या. मक्याच्या स्टार्चमध्येही ग्लुकोजच असतं, पण तिथली जोडणी वेगळी, अमायलेज ती चटकन सोडवतं. सेल्युलोजच्या साखळ्या मात्र एकमेकींना चिकटून स्फटिकासारख्या घट्ट बसलेल्या, त्याभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं आणि वरून लिग्निनचा लेप. झाडाला वादळवाऱ्यात उभं राहायचं असतं. आपल्या टाकीत इंधन पडावं म्हणून त्याने काही सोय करून ठेवलेली नाही.

हे सोडवायला एक एंझाइम पुरत नाही, टोळी लागते. एंडोग्लुकानेज साखळी मधेच तोडतं. सेलोबायोहायड्रोलेज ते तुटलेलं टोक आपल्या बोगद्यात ओढून घेतं आणि दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या कापत पुढे सरकतं. या जोडीला सेलोबायोज म्हणतात, आणि तिचे दोन सुटे ग्लुकोज करणारं ते बीटा-ग्लुकोसायडेज. हे शेवटचं कमी पडलं की सेलोबायोज साठत जातो आणि आधीच्या दोघांना काम करू देत नाही. हेमिसेल्युलोजसाठी झायलानेज वगैरे मंडळी वेगळीच.

निसर्गात हे सगळं एकत्र करणारी सगळ्यात नावाजलेली बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा रीसी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांच्या पट्ट्यात, बोगनव्हिल बेटावर, अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि सामान भराभर कुजायला लागलं. कुजवतंय कोण हे शोधताना ही सापडली. सैन्याच्या प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर पुढे वर्षानुवर्षं काम केलं. १९७७ मध्ये तिला रीस यांचंच नाव मिळालं. तोवर उद्देश उलटा झाला होता: कापड वाचवायला शोधलेली बुरशी कापूस कुजवण्यासाठीच जोपासायला लागले. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, त्या धक्क्यात रटगर्स विद्यापीठात अतिनील किरणं आणि रसायनं वापरून हिची रट-सी-३० ही जात तयार झाली. ती आजही अनेक औद्योगिक जातींची आजी आहे. मूळ बुरशी समोर ग्लुकोज दिसला की सेल्युलेज बनवणं बंद करते (फुकट जेवण असताना कष्ट कोण करणार!). रट-सी-३० मध्ये तो लगाम तुटलेला आहे.

इथपर्यंत रिकॉम्बिनंट (म्हणजे बाहेरचा जीन जोडण्याचं) काहीच नाही. सगळं बदल घडवा, निवडा, परत बदल घडवा असं. रिकॉम्बिनंट तंत्र आलं ते या बुरशीच्या उणिवा भरायला. २००८ मध्ये तिचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा लोक चक्रावले, कारण लाकूड कुजवणाऱ्या इतर बुरशींच्या मानाने हिच्याकडे सेल्युलेजचे जीन अगदीच मोजके निघाले. जे आहे ते ती प्रचंड प्रमाणात बाहेर टाकते, एवढंच तिचं बळ. औद्योगिक जाती एका लिटर रसात १०० ग्रॅमच्या वर प्रथिन सोडतात, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक एकटं सेलोबायोहायड्रोलेज-१. म्हणून मग युक्ती अशी: या एका प्रथिनाच्या जीनचा जो जोरदार प्रमोटर (जीन किती जोरात चालेल हे ठरवणारा तुकडा) आहे, त्याच्यामागे आपल्याला हवा तो जीन जोडायचा. हिचं बीटा-ग्लुकोसायडेज तोकडं पडतं, मग ॲस्परजिलसचं घाला. २०१० मध्ये एलपीएमओ नावाच्या तांबंधारी एंझाइमांचं काम उलगडलं. ती घट्ट स्फटिकावरच ऑक्सिजनच्या मदतीने चरे पाडतात आणि बाकीच्यांना शिरायला वाट करून देतात. मग तीही घाला.

जीन टाकण्याचा भाग आज चांगली प्रयोगशाळा काही महिन्यांत उरकते. अडतं ते पुढे, किलोच्या हिशोबात.

हा हिशोब कागदावर मांडून बघा. पूर्वप्रक्रिया केलेल्या (आम्ल, वाफ वगैरे लावून शिजवून सैल केलेल्या) मालावर एक ग्रॅम सेल्युलोजमागे साधारण २० मिलिग्रॅम एंझाइम प्रथिन लागतं असं धरू. म्हणजे टनाला २० किलो. एक टन सेल्युलोजपासून कागदोपत्री ७१८ लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. प्रत्यक्षात पाऊण भाग हाती लागला तर ५४० लिटर. म्हणजे लिटरमागे ३७ ग्रॅम प्रथिन. ते किलोला पाचशे रुपयांनी पडलं, तर लिटरभर इथेनॉलमध्ये साडेअठरा रुपये नुसते एंझाइमचे. मक्याच्या स्टार्चला एंझाइम याच्या कित्येक पटींनी कमी लागतं, म्हणून तिथं कुणी या खर्चाची चर्चाही करत नाही.

बोला आता.

टवाळ_टोळ

तंबूचं वाचून मजा आली. आमच्या बेसमेंटमधल्या गाद्यांवरही काहीतरी जागतिक दर्जाचं उगवलेलं आहे, नमुना पाठवू का?

बाकी लेख उत्तम. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

कोल्हापुरी_केमिस्ट

ताई, छान लिहिलंय. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये हयात गेली, त्यामुळे दोन शंका.

पहिली. इन्सुलिन ई. कोलायमध्ये बनतं, चीज जमवायचं रेनेट यीस्टमध्ये नि बुरशीत बनतं. मग सेल्युलेजसाठी ही केसाळ बुरशीच कशाला? ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो म्हणतात.

दुसरी. पाचटाचं लोक फार बोलतात, पण बगॅसचं (रस पिळून उरलेल्या चिपाडाचं) काय? ते तर गेटच्या आत, धुऊन-पिळून, आयतं येऊन पडलेलं असतं. उत्तर मला अर्धं माहीत आहे: बगॅस बॉयलरला जातं, त्यावर टर्बाइन फिरतं, उरलेली वीज विकली जाते. म्हणजे बगॅस फुकट नाही. पण चेअरमन लोकांना हे समजावताना माझ्या नाकीनऊ यायचे. त्यांना वाटायचं कचराच आहे, काहीही करता येईल.

बुरशीबाई

केमिस्टसाहेब, इन्सुलिन मिलिग्रॅमने विकतात, सेल्युलेज टनाने. इन्सुलिन शुद्ध करायला लागणारा खर्च रुग्णाच्या बिलात बसतो, पाचटाच्या बिलात बसत नाही.

आणि ई. कोलायला हे प्रथिन नीट घडवताच येत नाही. सेलोबायोहायड्रोलेजला आतून दहाच्या आसपास डायसल्फाइड टाचे असतात, वर साखरेच्या शाखा चिकटवलेल्या असतात. ई. कोलाय ते पेशीच्या आतच वेड्यावाकड्या गोळ्यांच्या रूपात साठवतो. ते गोळे फोडा, विरघळवा, परत घडी घाला, आणि हे सगळं इंधनाच्या भावात! पिचिया यीस्टमध्ये बऱ्यापैकी जमतं, बीटा-ग्लुकोसायडेज तर छान येतं. पण तिथं नेहमीचा प्रमोटर मिथेनॉलवर चालतो. मोठ्या टाकीत मिथेनॉल म्हणजे आगीची व्यवस्था आली आणि ऑक्सिजनची मागणी वाढली. शिवाय यीस्टमध्ये बनवलेलं सेलोबायोहायड्रोलेज-१ कमजोर निघतं. त्याच्या पहिल्याच अमिनो आम्लाचं टोक बुरशी एका खास एंझाइमने वळवून बंद करते, ते यीस्टमध्ये होत नाही. एवढ्याशा टोकाने उष्णता सोसण्यात फरक पडतो. असले बारकावे हाती लागायलाच लोकांची वर्षं गेली.

ट्रायकोडर्मा प्रथिन पेशीबाहेर टाकते हा तिचा खरा गुण. पेशी फोडायची गरज नाही. गाळा, आटवा, वापरा. कारखान्याच्या शेजारीच बनवत असाल तर गाळायचीही गरज नाही, बुरशी उष्णतेने मारून सगळा रसच टाकीत सोडता येतो.

बगॅसबद्दल अटकेपार लिहितील बहुतेक, त्यांचा ब्राझीलशी संबंध आलेला आहे.

पराटीवाला

मी यवतमाळकडचा, कापूसवाला. ट्रायकोडर्माचं नाव वाचून थांबलो. आम्ही कृषी केंद्रातून ट्रायकोडर्माची पुडी आणतो, बियाण्याला चोळतो, शेणखतात मिसळतो. मर रोगासाठी. ती हीच का? आणि हीच असेल तर मी पराटीच्या (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांच्या) ढिगावर दोन पुड्या मारतो, पाणी शिंपडतो, इथेनॉल कुठून गळेल ते सांगा. 😀

गमतीचा भाग सोडा. आमच्याकडे पराटी हा खरा प्रश्न आहे. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते म्हणून उपटून विल्हेवाट लावा सांगतात. मजूर मिळत नाही, श्रेडर सगळ्यांकडे नाही, शेवटी बांधावर पेटवतात. कोणी चार पैसे देऊन उचलून नेत असेल तर कोणाला नकोय? ब्रिकेटवाले येतात, पण भाव त्यांचाच.

बुरशीबाई

भाऊ, कूळ एकच, घरं वेगळी. तुमच्या पुडीत ट्रायकोडर्मा व्हिरिडी, हार्झियानम किंवा ॲस्परेलम असते. ती जिवंत हवी, कारण तिने मातीत वाढून मर लावणाऱ्या बुरशीला हुसकायचं असतं. कारखान्यात बुरशी टाकीत वाढवतात आणि फक्त तिचा रस घेतात. ढिगावर पुडी मारलीत तर बुरशी साखर तयार करील आणि लगेच स्वतःच खाऊन टाकील. तुमच्यासाठी उरेल ते खत, तेही वाईट नाही म्हणा. पुसा संस्थेचं पेंढा कुजवायचं द्रावण याच तत्त्वावर चालतं.

पराटीचं सांगायचं तर ती पेंढ्यासारखी मऊ नाही, लाकूड आहे. लिग्निन जास्त. आधी आम्ल आणि वाफ किंवा अल्कली वापरून तिला चांगलं शिजवावं लागतं. तसं केलं की त्यातून फरफ्युरल, ॲसेटिक आम्ल असले पदार्थ सुटतात, ते पुढे यीस्टला बाधतात. शिवाय राहिलेल्या लिग्निनला एंझाइम जाऊन चिकटतं आणि फुकट जातं. पेंढ्यापेक्षा पराटीला एंझाइम जास्त लागणार हे धरून चाला.

शंकेखोर

माफ करा, पण हे सगळं कौतुक ऐकून मला प्रश्न पडतो की मग जगभर हे कारखाने बंद का पडले? मी जी यादी वाचली ती अशी: कॅन्ससमध्ये ह्यूगोटनला अबेंगोआचा, २०१४ ला सुरू, पुढच्याच वर्षी कंपनीच अडचणीत आणि कारखाना बंद. आयोवात नेवाडा गावी ड्यूपाँटचा, २०१५ ला सुरू, २०१७ ला विकायला काढला. आयोवातच एमेट्सबर्गला पोएट आणि डीएसएमचा, २०१४ ते २०१९. इटलीत क्रेशेंटिनो, २०१३ ते २०१७. रोमानियात पोदारीला क्लॅरियंटचा, २०२१ ला बांधून पूर्ण, २०२३ च्या शेवटी टाळं. यात एंझाइम बनवणाऱ्यांतल्या जगातल्या मोठ्या कंपन्या स्वतः होत्या! ड्यूपाँटकडे तर जेनेनकोर या एंझाइम कंपनीचं सगळं ज्ञान होतं. घरचं एंझाइम, घरचा पैसा, तरीही नाही जमलं. मग आपण पानिपतला पेंढ्याच्या इथेनॉल कारखान्यात नऊशे कोटी कशाला घातले?

अटकेपार

शंकेखोर, यादी बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे असं मला वाटतं. मी डेन्मार्कमध्ये किण्वनाच्या टाक्यांवर काम करतो (कंपनीचं नाव नको, पण तर्क करायला मोकळे आहात).

या कारखान्यांची प्रकरणं एकेक करून बघितली तर एंझाइममुळे गळफास लागला असं एखाद्याबद्दलच म्हणता येईल, तेही अर्धवट. अबेंगोआची मूळ स्पॅनिश कंपनी कर्जात बुडाली. क्रेशेंटिनोचं तसंच, मालक कंपनी गाळात गेली. पुढे दुसऱ्या कंपनीने तो घेऊन २०२२ मध्ये पुन्हा सुरूही केला. ड्यूपाँटच्या वेळी दोन महाकंपन्यांचं विलीनीकरण झालं आणि नव्या मालकांना हा धंदा नकोच होता. पोएट-डीएसएमचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. त्यांचं अडलं होतं पूर्वप्रक्रियेत. मक्याची धाटं शेतातून गाठोडी बांधून येतात, सोबत माती येते, खडे येतात. ते सगळं शिजवायच्या भांड्यात दाबाखाली ढकलायचं. स्क्रू झिजतात, तोंडं बुजतात. २०१७ मध्ये त्यांनी हा अडथळा सुटल्याचं जाहीर केलं आणि शेजारीच एंझाइमचा कारखाना उभारायला घेतला. २०१९ च्या अखेरीस इथेनॉल काढणं थांबवलं आणि दोष दिला अमेरिकेच्या इंधन धोरणाला.

थोडक्यात, एंझाइमची पाळी येण्याआधीच माल मातीत अडकत होता. भाताच्या पेंढ्याचं तर आणखी अवघड, त्याच्या अंगातच सिलिका भरपूर असते. धुऊन जात नाही.

केमिस्टसाहेबांचा बगॅसचा मुद्दा इथेच लागू पडतो. ब्राझीलमध्ये पिरासिकाबाला रायझेनचा कारखाना २०१४ मध्ये साखर कारखान्याला लागूनच सुरू झाला आणि माल बगॅस. गोळा करायची कटकट नाही, माती कमी, वाफ शेजारून, यीस्ट शेजारून. २०२४ मध्ये त्यांनी दुसरा कारखानाही सुरू केला.

कोल्हापुरी_केमिस्ट

अटकेपारसाहेब, हेच तर! मग आपल्याकडे का नको? ऊस आपलाही, कारखाने आपलेही.

अटकेपार

वीज. तुमच्याच पहिल्या प्रतिसादात उत्तर आहे. बगॅसला विजेत आधीच भाव मिळतोय. इथेनॉलला त्याहून जास्त मिळाला पाहिजे, आणि बॉयलरला दुसरं काहीतरी जाळायला दिलं पाहिजे. एक रस्ता असा की पाचट बॉयलरला आणि बगॅस इथेनॉलला. पण पाचट गोळा करून आणायचं म्हणजे पुन्हा बेलर, ट्रॅक्टर, माती. फिरून तिथंच.

तंत्र मात्र आपल्याकडे आहे. पुण्याच्या प्राजने दौंडजवळ २०१७ मध्ये प्रात्यक्षिक कारखाना काढला, त्यात पेंढा, मक्याची बुरकुंडं, बगॅस सगळं चालवून बघितलं. पानिपतचा इंडियन ऑइलचा कारखाना प्राजच्याच तंत्राचा, १० ऑगस्ट २०२२ ला सुरू झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं गणित. म्हणजे टनाला १५० लिटर. बुरशीबाईंनी वर टनभर सेल्युलोजचे ५४० लिटर काढले होते, पण पेंढ्यात सेल्युलोज ३५ ते ४० टक्केच असतं हे लक्षात घेतलं की हिशोब टनाला १९० ते २१५ लिटरवर उतरतो, म्हणजे आकडे तंतोतंत नाही तरी जवळ येतात.

शंकेखोर

आकडे जुळणं वेगळं आणि नफा वेगळा. मला तर सीबीजीवाले (दाबून भरलेला बायोगॅस बनवणारे) शहाणे वाटतात. पंजाबात संगरूर जिल्ह्यात लेहरागागाला जर्मनीच्या वर्बिओने पेंढ्यापासून बायोगॅसचा कारखाना काढला २०२२ मध्ये. पेंढा टाकला, जिवाणूंनी आपापली एंझाइमं आपणच बनवली, गॅस निघाला. जीन नको, किलोचा हिशोब नको. आणि ऐका: ड्यूपाँटचा तो आयोवातला कारखाना विकत कोणी घेतला? ह्याच वर्बिओने. पुढे तिथे धाटांपासून गॅस बनू लागला. मला तरी निकाल लागल्यासारखा वाटतो.

बुरशीबाई

शंकेखोर, हा मुद्दा तुमचा पक्का आहे आणि मी त्यावर भांडणार नाही. मिथेनच हवा असेल तर गाईच्या पोटातलं तंत्र उत्तम आहे, तिने लाखो वर्षं ते चालवलंय. जिवाणूंची ती फौज एंझाइमं बनवते, वापरते, मरते, परत बनवते. आपल्याला वेगळं काही द्यावं लागत नाही. वेळ मात्र आठवड्यांत मोजायचा आणि लिग्निन तसंच राहतं.

पण द्रव इंधन हवं असेल, किंवा साखरेपासून पुढे दुसरी रसायनं करायची असतील, तर साखर सुटी करून हातात घ्यावीच लागते, आणि मग एंझाइमला पर्याय नाही. विमानाच्या इंधनाची आता जी चर्चा चालते ती याच साखरेवर किंवा याच इथेनॉलवर उभी आहे.

पानिपतच्या नऊशे कोटींबद्दल: नफ्यातोट्याचं मी बोलणार नाही, पण पहिल्या कारखान्याने शिकायचं असतं. मला खटकतं ते दुसरंच. एंझाइम बाहेरून घ्यायचं ठरवलं की पुरवठादार जगात बोटांवर मोजण्याइतके. भाव ते सांगणार. म्हणून मी पहिल्यापासून म्हणत आलेय की एंझाइम जागेवर बनवलं पाहिजे, आणि बुरशी आपली पाहिजे.

आपली म्हणजे भावनिक अर्थाने नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, एनसीआयएम. तिथली पेनिसिलियम फ्युनिक्युलोसमची १२२८ क्रमांकाची जात घेऊन दिल्लीच्या आयसीजीईबी या जैवतंत्रज्ञान केंद्रातल्या गटाने काम केलं. या जातीचा रस मुळातच समतोल आहे, ट्रायकोडर्माला ज्या बीटा-ग्लुकोसायडेजची चणचण तेही हिच्याकडे चांगलं. ग्लुकोज दिसला की काम बंद करायला लावणारा मिग-१ नावाचा नियंत्रक जीन त्यांनी बिघडवला आणि सेल्युलेज वाढलं. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे रट-सी-३० मध्ये जे किरणं मारून, आंधळेपणाने, नशिबाने मिळालं होतं, ते इथे ठरवून केलं. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पराटीवाला

एक अडाणी प्रश्न. ही एंझाइमं बुरशीत बनवून परत झाडावर ओतायची, त्यापेक्षा उसातच जीन घाला ना. ऊस स्वतःच स्वतःला विरघळवेल. बीटी कापूस पेरतोच की आम्ही.

बुरशीबाई

अडाणी कसला, अमेरिकेत मक्यात असं केलेलं आहे. सिंजेंटाचा एनोजेन मका, २०११ ला परवानगी मिळाली. दाण्यातच उष्णता सोसणारं अमायलेज तयार होतं, इथेनॉलच्या कारखान्यात गरम केलं की कामाला लागतं.

सेल्युलेजचं मात्र अवघड, कारण ते ज्या भिंतीत राहणार तीच खाणार. म्हणून लोक ते पेशीच्या एखाद्या कोपऱ्यात कोंडून ठेवायचा प्रयत्न करतात, किंवा गरम झऱ्यांतल्या जिवाणूंचं असं एंझाइम घेतात की जे ३० अंशाला झोपलेलं असतं आणि ७०-८० ला जागं होतं. प्रयोग झालेत, पण शेतात आलेलं नाही. आणि उसासारख्या पिकात ते आणायचं म्हटलं की जीईएसीच्या (जीन बदललेल्या पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीच्या) पायऱ्या चढाव्या लागतात. टाकीत बंद असलेल्या बुरशीचं तसं नसतं. तिथेही जीन बदललेल्या जीवांबाबतचे १९८९ चे नियम लागू होतात, संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, वापरून झालेली बुरशी मारूनच बाहेर काढायची. पण वाट सरळ आहे.

अटकेपार

"जागेवर बनवा" यावर थोडं पाणी ओततो, कारण रोजचं काम तेच आहे.

ट्रायकोडर्मा म्हणजे धाग्यांचा गुंता. टाकीत ती दाट व्हायला लागली की रस खळीसारखा होतो आणि हवा आत शिरत नाही. तिला तर ऑक्सिजन भरपूर हवा. मग ढवळणी जोरात फिरवा, कॉम्प्रेसर मोठा लावा. वीज खाते ती इथं. शिवाय जोरात ढवळलं तर धागे तुटतात. हे नाजूक गणित ज्याला जमतं तो शंभर ग्रॅम काढतो, ज्याला नाही जमत त्याला तीसवर समाधान मानावं लागतं. त्यात संसर्ग! इथेनॉलच्या कारखान्यातल्या माणसांना यीस्टची सवय असते. यीस्टची टाकी थोडंफार माफ करते. इथे आठवडाभर निर्जंतुक राहायचं असतं, एक झडप गळाली की सगळी टाकी गटारात.

क्लॅरियंटने रोमानियात जागेवरच एंझाइम बनवलं होतं हे विसरू नका.

जमेची बाजूही सांगतो. आटवणं, टिकवणं, शीतसाखळी, वाहतूक, सगळं वाचतं. आणि बुरशीला एंझाइम बनवायला चेतवायचं तर लॅक्टोज (दुधातली साखर) चालतं, डेअरीच्या निवळीत ते भरपूर असतं. साखर कारखान्याच्या शेजारी दूध संघ, आपल्या पश्चिम महाराष्ट्राला हे सांगायला नको.

कोल्हापुरी_केमिस्ट

निवळीचं ऐकून कान टवकारले. आमच्याकडे निवळीपेक्षा राजकारण जास्त निघेल त्यातून, पण कल्पना चांगली आहे.

एमएस्सी_भाग२

नमस्कार, मी इथे वाचनमात्र असते. माझा प्रकल्प याच विषयावर आहे. कॉलेजजवळच्या कुजलेल्या पाचटावरून बुरशी वेगळ्या केल्यात, त्यातली एक बरी दिसतेय. फिल्टर पेपर टेस्ट (एंझाइम कागदापासून किती साखर सोडवतं ते मोजायची चाचणी) करायला सांगितलीय पण आकडे रोज वेगळे येतात. मार्गदर्शक म्हणतात "सरासरी काढ". काय चुकत असेल?

बुरशीबाई

सरासरी काढू नकोस!

ही टेस्ट ज्यांनी प्रमाणित केली ते आयआयटी दिल्लीचे तरुणकुमार घोष. १९८७ मधला तो लेख मुळातून वाच, बहुतेक लोक दुसऱ्याच्या प्रबंधातून कृती उतरवतात. व्हॉटमन नंबर १ कागदाची १ बाय ६ सेंटिमीटरची पट्टी, वजन ५० मिलिग्रॅमच्या आसपास. पीएच ४.८ चं सायट्रेट बफर १ मिली, तुझा पातळ केलेला रस अर्धा मिली, ५० अंशाला बरोबर एक तास. पट्टी गुंडाळून द्रावात पूर्ण बुडलेली हवी, एक कोपरा वर राहिला तरी फरक पडतो. मग ३ मिली डीएनएस (साखर असली की रंग देणारं रसायन), पाच मिनिटं चांगलं उकळतं पाणी, सगळ्या नळ्या एकदम. ब्लँकच्या आणि ग्लुकोज प्रमाणाच्या नळ्याही त्याच पातेल्यात, त्याच वेळी. बहुतेकांचं इथेच बिनसतं: प्रमाणरेषा (ग्लुकोजच्या ठराविक मात्रांवरून काढलेली तुलनेची रेषा) सोमवारी काढलेली आणि नमुने गुरुवारी उकळलेले.

ब्लँक दोन लागतात. एक कागदाशिवाय रस, दुसरा रसाशिवाय कागद. तुझ्या रसात वाढीच्या माध्यमातली साखर उरलेली असणार, तिचा रंग धरून एंझाइमच्या नावावर खपवशील.

आणि मुख्य गोष्ट. एकक धरायचं ते बरोबर २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल अशा पातळीवर, त्याच्या आगेमागे दोन पातळ द्रावणं करून. २ मिलिग्रॅम म्हणजे कागदाचा जेमतेम चार टक्के भाग. एंझाइम दुप्पट घातलं म्हणून साखर दुप्पट सुटत नाही, कारण सोपा भाग आधी संपतो. एकाच द्रावणावरून त्रैराशिक मांडलंस तर रोज वेगळा आकडा येणारच. टोकियोत इगाराशी यांच्या गटाने २०११ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली सेलोबायोहायड्रोलेजचे रेणू धावताना टिपले, तेव्हा दिसलं की ते सेल्युलोजच्या एकाच वाटेवर एकामागे एक अडकून पडतात आणि घाटातल्यासारखा ट्रॅफिक जॅम होतो.

मूळ रस २ मिलिग्रॅमपर्यंत पोचतच नसेल तर तसं स्पष्ट लिही, आकडा ओढूनताणून काढू नकोस.

एमएस्सी_भाग२

खूप आभार ताई. प्रमाणरेषा खरंच मागच्या महिन्यातली वापरत होतो सगळे. उद्याच नवी काढते.

कोल्हापुरी_केमिस्ट

बाळ, तुमच्याकडे स्पेक्ट्रो बंद पडला तर आमची लेन-एनॉन (ब्युरेटने साखर मोजायची जुनी पद्धत) आहे. फेलिंग, मिथिलीन ब्लू, ब्युरेट. हयातभर मळीतली रिड्युसिंग शुगर याच्यावर काढली, कधी दगा दिला नाही. ताई, चालेल ना?

बुरशीबाई

या नळीसाठी नाही चालणार, साहेब. १० मिली फेलिंगला ५० मिलिग्रॅमच्या आसपास साखर लागते आणि इथे नळीत आहे दोन. पण तिने पुढे पाचटावर मोठी चाचणी घेतली, फ्लास्कमध्ये ७२ तास एंझाइम लावून, तर त्या रसावर खुशाल करा. तिथे डीएनएसच्या आकड्याशी ताडून बघायला उपयोगीच पडेल. फक्त आधी पूर्वप्रक्रियेचं आम्ल नीट उदासीन केलेलं असू द्या.